दुर्बिणीचं ऑपरेशन करायचं, पण कशासाठी?

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात आरोग्य सत्रात आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या मैत्रिणींना येता आलं नाही त्यांच्यासाठी बोललं तसंच, थोडं नीट लावून देत आहोत. गटाच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवावं.)



सकाळपासून बँक लिंकेज झालं, थकबाकी झाली, ऑडिट झालं. आता जेवणाआधीचं सत्र माझ्याकडे आलंय. मागे मसालेभाताची फोडणी पडलीय, वास मलाही येतोय. तरी थोडा वेळ माझ्याकडे लक्ष द्या, कारण विषय आपल्या पोटाचाच आहे. ओटीपोटाचा.

गटांची इतिवृत्तं तपासताना कर्जाच्या कारणात एक शब्द सारखा दिसतो, 'दवाखाना'. बियाणं लिहिलं की कोणतं बियाणं हे आपण विचारतो. शेळी लिहिली की किती शेळ्या, कुठून आणणार, हे विचारतो. दवाखाना लिहिलं की सगळ्या गप्प बसतात, कारण ते 'बायकांचं' असतं. मी काही जणींच्या घरी जाऊन बसले, हळूहळू बोलणं निघालं. त्यात एक आजार दोन-तीनदा पुढे आला. नाव अवघड आहे, एंडोमेट्रिओसिस. पाठ करू नका, पण कान ओळखीचे असू द्या. तुमच्या सोनोग्राफीच्या कागदावर 'चॉकलेट सिस्ट' किंवा 'एंडोमेट्रिओमा' लिहिलेलं असेल तर ती याच आजाराची गाठ.

मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली मुलगी आहे. हे मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे बसून, शंका विचारून समजून घेतलंय. तुमचा उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील. मी फक्त डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते सांगणार आहे.

आता आजार म्हणजे काय ते बघू. आपल्या गर्भपिशवीला आतून एक अस्तर असतं. महिनाभर ते जाड होतं आणि गर्भ राहिला नाही की पाळीत वाहून जातं. एंडोमेट्रिओसिसमध्ये तसंच अस्तर पिशवीच्या बाहेर वाढतं. पिशवीच्या मागच्या बाजूला, अंडाशयावर, नळ्यांजवळ, कधी आतड्यावर, कधी लघवीच्या पिशवीवर. पाळीच्या वेळी तिथंही सूज येते, रक्त पाझरतं. पण पाळीचं रक्त बाहेर जातं, याला वाटच नाही. ते तिथेच साठतं, सुकतं, आणि आजूबाजूचं एकमेकांना चिकटायला लागतं. अंडाशयाच्या आत साठलं तर गाठ होते. रक्त जुनं होऊन काळपट, घट्ट होतं, म्हणून तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. चॉकलेटचं नाव कशाला खराब केलं कोण जाणे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाळी येण्याच्या वयातल्या साधारण दहा बायकांमागे एकीला हा आजार असतो. या मंडपात किती जणी बसल्यात ते बघा आणि मनातल्या मनात हिशोब करा. तरी आपण त्याचं नाव ऐकलेलं नसतं, कारण पाळीत दुखायचंच, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलंय. मुलगी कळवळली की आजी म्हणते, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं की सासू म्हणते, मूल झालं की थांबेल. आणि मूलच होत नसेल तर मग काय म्हणतात ते मी इथे बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे.

थोडंफार दुखणं सगळ्यांना असतं. पण पाळीत अंथरुणातून उठता येत नाही, गोळी घेऊनही रोजंदारी बुडते, पाळीच्या दिवसांत संडासला बसताना कळ येते, नवऱ्याजवळ जाताना आत खोल दुखतं, दर महिन्याला वाढतच चाललंय, तर ते 'असतंच' म्हणून सोडायचं नाही. नवऱ्याजवळ जाताना दुखतं हे तर डॉक्टरांनी विचारलं तरी आपण सांगत नाही. ते सांगा. त्यावरूनच पुष्कळदा आजार पकडता येतो.

अजून एक चमत्कारिक गोष्ट. दुखणं किती आणि आजार किती, याचा मेळ बसत नाही. थोडेसेच डाग असतात आणि बाई गडाबडा लोळते. दुसरीकडे मोठी गाठ असते आणि तिला काही कळतच नाही, मूल होत नाही म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा सापडते.

आता मुलाचं. पहिली गोष्ट, एंडोमेट्रिओसिस म्हणजे मूल होणारच नाही, असं नाही. हा आजार असलेल्या पुष्कळ जणींना आपोआप दिवस राहतात. पण राहायला उशीर लागण्याची शक्यता वाढते. चिकटल्यामुळे नळीचं तोंड अंड्यापर्यंत पोचत नाही, सुजेमुळे आतलं वातावरण बिघडतं, गाठीमुळे अंडाशयाचं नुकसान होतं. अशा वेळी डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. पोटावर दोन-तीन लहान छेद, बेंबीतून दुर्बीण, पोटात वायू भरून जागा करायची, आणि डाग जाळायचे किंवा कापायचे, चिकटलेलं सोडवायचं, गाठ काढायची. यालाच लॅपरोस्कोपी म्हणतात.

इथे मला तुम्हाला थांबवायचं आहे. ऑपरेशन दोन कारणांसाठी होतं. एक, दुखणं कमी व्हावं म्हणून. दुसरं, दिवस राहावेत म्हणून. टेबल तेच, दुर्बीण तीच, पण हिशोब वेगळा. दुखण्यासाठी जे योग्य ते मुलासाठी योग्य असेलच असं नाही. म्हणून सहीचा कागद पुढे आला की पहिला प्रश्न हा, 'डॉक्टर, हे ऑपरेशन माझ्या दुखण्यासाठी की मूल होण्यासाठी? आणि मला अजून मूल हवंय, हे तुम्ही लिहून घेतलंय का?'

आजार हलका असेल, म्हणजे नुसते डाग, गाठ नाही, तर काय? यावर परदेशात अभ्यास झालेत. कॅनडात 1997 साली 341 बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना मूल होत नव्हतं, सगळ्यांना हलका एंडोमेट्रिओसिस होता. सगळ्यांच्या पोटात दुर्बीण घातली, पण निम्म्या जणींचे डाग काढले आणि निम्म्या जणींचे नुसते बघून सोडले. पुढच्या 36 आठवड्यांत डाग काढलेल्यांपैकी शंभरात साधारण तीस जणींना दिवस राहून टिकले, न काढलेल्यांपैकी सतरा-अठरा जणींना. म्हणजे फायदा झाला. पण दोन वर्षांनी, 1999 मध्ये, इटलीतल्या साधारण शंभर बायकांच्या अभ्यासात दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं, शंभरात वीस-बावीस. सगळं मिळून डॉक्टर लोक असं धरतात की हलक्या आजारात ऑपरेशनचा मुलासाठी फायदा आहे, पण लहान आहे. आणि दुसरी बाजूही बघा. ज्यांना काहीच केलं नाही त्यांच्यातही शंभरातल्या सतरा-अठरा जणींना राहिले. ऑपरेशन केलं म्हणजे मूल होणारच, असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून ते लिहून मागा. देणार नाही.

चॉकलेटच्या गाठीचं गणित याहून अवघड आहे, आणि ते मला नीट सांगायचंय.

आपल्या गटात मुद्दल असते. दर महिन्याला बचत येते, मुद्दल वाढते. बाईच्या अंडाशयातलं खातं असं नसतं. मुलगी जन्मते तेव्हाच तिची सगळी अंडी सोबत असतात, दहा-वीस लाख. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात. पुढे दर महिन्याला कमीच होत जातात. या खात्यात बचत भरता येत नाही, फक्त काढणं चालतं. आणि ही अंडी असतात अंडाशयाच्या बाहेरच्या थरात. चॉकलेटच्या गाठीची साल त्याच थराला घट्ट चिकटलेली असते. कच्च्या आंब्याची साल काढताना थोडा गर येतोच, तसं गाठीची साल सोलताना चांगला भाग, म्हणजे अंडी, थोडी निघून येतात. मग रक्त थांबवण्यासाठी तिथे जास्त जाळलं तर अजून नुकसान. जाळण्याऐवजी शक्य तिथे टाका घालून रक्त थांबवणारे सर्जन असतात, त्यात नुकसान कमी होतं. एएमएच नावाची रक्ताची तपासणी असते, अंडी किती शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी. गाठीच्या ऑपरेशननंतर हा आकडा बहुतेक वेळा खाली येतो. दोन्ही बाजूंच्या गाठी काढल्या, किंवा त्याच बाजूचं दुसऱ्यांदा ऑपरेशन केलं, तर धोका वाढतो. थोड्या जणींची पाळी वेळेआधी बंद होते.

मग गाठ काढायचीच नाही का? तसंही नाही. गाठ आत राहिली तर तीही अंडाशय खातच असते. नुसतं सुईने पाणी ओढून घेतलं तर गाठ बहुतेक पुन्हा भरते. तीन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठीत साल काढून टाकणं हे नुसतं फोडून जाळण्यापेक्षा चांगलं ठरलंय. दुखणं परत यायचं प्रमाण कमी, गाठ परत यायचं कमी, आणि आपोआप दिवस राहण्याचं जास्त. म्हणजे फायदाही आहे आणि तोटाही आहे. कुणाच्या बाबतीत कोणतं पारडं जड, हे वय, गाठीचा आकार, एक बाजू की दोन, आधी ऑपरेशन झालंय का, एएमएच किती, नळ्या कशा, यावर ठरतं. म्हणून एएमएच ऑपरेशनच्या आधी करा. नंतर केली तर गेलं किती ते कळायचं कसं? आणि आकडा कमी आला तर घाबरून जाऊ नका. एएमएच कमी असलेल्या बायकांनाही आपोआप दिवस राहतात. तो शिलकीचा अंदाज आहे, निकाल नव्हे.

आपल्याच एका गटातल्या ताईची परवानगी घेऊन सांगते, गाव आणि नाव सांगत नाही. वय 27, लग्नाला पाच वर्षं. सलग चार मीटिंगांना गैरहजर, दर वेळी दंड भरला, कारण 'तब्येत'. मग अर्ज आला, कर्ज साठ हजार, कारण दवाखाना. सीआरपी ताईने मीटिंगमध्ये काही विचारलं नाही, संध्याकाळी घरी गेली. हे मला फार बरं वाटलं. उजव्या अंडाशयात सहा सेंटिमीटरची गाठ, पाळीत उलट्या होईपर्यंत दुखणं. एका ठिकाणी सांगितलं होतं की पुढच्याच सोमवारी दाखल व्हा, गाठ काढू, त्या बाजूचं अंडाशयही काढून टाकू, कटकट नको. ऑपरेशन कशासाठी, असं तिला विचारलं तर म्हणाली, 'मूल व्हावं म्हणून.' मुलासाठी ऑपरेशन आणि अंडाशय काढायचं! हे कुणी तिला समजावून सांगितलेलंच नव्हतं.

गटाने सोमवार टाळला. ताई जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, नवऱ्याची तपासणी झालीय का? झाली नव्हती. पाच वर्षांत तिच्या तीन सोनोग्राफी, दोन वेळा नळीची तपासणी, एक गावठी औषध, दोन देवस्थानं, आणि नवऱ्याची वीर्य तपासणी एकदाही नाही. ही तपासणी काही शे रुपयांत होते, टाका नाही, सुई नाही. तरी भाऊ दोन महिने तयार होईनात. शेवटी त्यांच्या थोरल्या वहिनीने तोंड उघडलं तेव्हा गेले. रिपोर्ट चांगला आला. मैत्रिणींनो, तो वाईटही येऊ शकला असता, आणि मग तिचं अंडाशय विनाकारण गेलं असतं. नवऱ्याची तपासणी झाल्याशिवाय बायकोने मुलासाठीच्या ऑपरेशनच्या टेबलावर चढायचं नाही, हा ठराव प्रत्येक गटाने करावा असं मला वाटतं. इतिवृत्तात लिहायचा की नाही ते तुम्ही बघा.

तसंच दुसरं, किती दिवस वाट बघितली हे मोजताना खरे महिने मोजा. नवरा-बायको एकत्र राहून वर्षभर दिवस राहिले नाहीत तर तपासणी करतात, बाई पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी. पण नवरा मुंबईला आणि गणपती-दिवाळीला घरी, तर ते वर्ष वर्ष नव्हे. हे डॉक्टरांना सांगा, ते आपण होऊन विचारतीलच असं नाही.

त्या ताईचं ऑपरेशन झालं. दुखणं खूप होतं, गाठ मोठी होती, म्हणून करायचं ठरलं. पण अंडाशय ठेवून, फक्त साल काढून. नळ्या दोन्ही मोकळ्या निघाल्या. आता सात महिने झालेत. मीटिंगला येते, दंड बंद झाला. दिवस अजून राहिले नाहीत. डॉक्टरांनी वर्षभराची वेळ दिलीय, नाही राहिले तर पुढचं बोलू म्हणालेत.

हा वर्षभराचा काळ फार महत्त्वाचा. ऑपरेशननंतर आजार परत येऊ शकतो. चॉकलेट गाठीच्या ऑपरेशननंतर दोन वर्षांत साधारण पाचात एकीला आणि पाच वर्षांत शंभरात चाळीस-पन्नास जणींना परत आल्याचं अभ्यासांत दिसलंय. म्हणून मुलासाठी ऑपरेशन केलं असेल तर पुढचे महिने वाया घालवायचे नाहीत. आपल्याकडे काय होतं? ऑपरेशन होतं, मग 'जरा अंगात बळ येऊ दे' म्हणून बाईला सहा महिने माहेरी धाडतात. अंगात बळ येतं आणि वेळ जाते. साधारणपणे पुढची एखादी पाळी झाली की डॉक्टर प्रयत्न करायला सांगतात. म्हणून ऑपरेशनची तारीखसुद्धा नवरा पुढचे काही महिने घरी असेल अशी धरा.

आणि इथेच गोळ्यांचा घोळ होतो. या आजारावर हार्मोनच्या गोळ्या आहेत, डायनोजेस्टसारख्या. गर्भनिरोधक गोळ्याही देतात, पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधनही आहे, पाळी बंद ठेवणारी इंजेक्शनं आहेत. दुखण्यावर ती चांगली चालतात, त्यातल्या कितींना ऑपरेशनची गरजच पडत नाही. लगेच मूल नको असेल तर ऑपरेशननंतर गाठ परत येऊ नये म्हणूनही देतात. पण ही औषधं चालू असेपर्यंत दिवस राहत नाहीत, आणि बंद केल्यावर दिवस राहण्याची शक्यता वाढते असंही नाही. युरोपातल्या या विषयाच्या तज्ज्ञांची 'एश्रे' नावाची संस्था आहे. तिने 2022 मध्ये स्पष्ट लिहिलंय की मूल होण्यासाठी म्हणून या गोळ्या देऊ नयेत. तर मूल हवंय आणि हातात पाळी थांबवणारी गोळी पडली, तर विचारा, 'ही कशासाठी? किती महिने?' दुकानातून मनाने आणून खाऊ नका आणि चालू असलेली मनाने बंदही करू नका.

त्याच संस्थेने आणखी एक सांगितलंय. टेस्ट ट्यूब बेबी करायचंच ठरलं असेल, तर त्याआधी गाठ काढलीच पाहिजे असं नाही. नुसतं त्यासाठी काढल्याने मूल होण्याचं प्रमाण वाढत नाही. खूप दुखत असेल, गाठ संशयास्पद दिसत असेल, किंवा गाठीमुळे अंड्यांपर्यंत सुई पोचत नसेल, तर गोष्ट वेगळी. आपल्या एका मैत्रिणीची त्याच बाजूची गाठ दोनदा काढलीय, आता तिसऱ्यांदा काढू म्हणतात. वय 31. तिला मी एवढंच म्हटलं की तिसऱ्या सहीच्या आधी वंध्यत्वाच्या डॉक्टरांना एकदा कागद दाखवून ये. टेस्ट ट्यूबचा खर्च एका वेळेला लाखाच्या पुढे जातो, ते सगळ्यांना जमणारं नाही, हे मला कळतं. पण अंडी संपल्यावर तो रस्ताही बंद होतो.

आता पिशवीबद्दल. पोटात दुखतं म्हटलं की 'पिशवी काढून टाका' हे आपल्याकडे फार सहज बोलतात. 2019 साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढण्याची चौकशी सरकारने नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून केली. 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास सतरा. देशभराचा आकडा त्याआधीच्या, 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांत शंभरात तीनच्या थोडा वर होता. तिथली कारणं वेगळी होती. पांढरं जाणं, अंगावरून जास्त जाणं, दुखणं, पाळीत खाडा पडला की पैसे कापले जाणं, उचल फेडायची घाई. तुमच्यातल्याही काही जणी कोयत्यावर जाऊन आल्यात, तुम्हाला मी काय सांगू.

पण एंडोमेट्रिओसिसमध्ये एक गोष्ट लक्षात घ्या. आजार पिशवीच्या बाहेर आहे. नुसती पिशवी काढली आणि बाहेरचे डाग तसेच राहिले तर दुखणं राहू शकतं. आणि पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली तर तिशीतच पाळी जाण्याचं वय येतं. अंगातून वाफा, हाडं ठिसूळ, हृदयाला धोका. मूल झालेलं आहे, बाकी सगळे उपाय करून झालेत, बाईने स्वतः समजून ठरवलंय, तर पिशवी काढणं हा उपाय आहेच, मी त्याच्या विरुद्ध नाही. सासूने ठरवून, नवऱ्याने अंगठा देऊन काढायची ती गोष्ट नाही, एवढंच.

पैशाचं बोलून थांबते. कर्ज मागण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, याच दवाखान्यात बसतं का, हे तो सांगतो. रेशनकार्ड, आधार सोबत न्या. ऑपरेशन झाल्यावर फाईल आपल्याकडे ठेवा. आत काय दिसलं, काय काढलं, नळ्या कशा होत्या, याचा लेखी कागद मागा. फोटो किंवा व्हिडिओ काढला असेल तर तो मागा. काढलेला तुकडा तपासायला पाठवला असेल तर त्याचा रिपोर्ट घ्यायला परत जा. पुढचे डॉक्टर पहिल्यांदा हेच मागतात आणि आपल्याकडे फक्त बिलाची पावती असते, तीही गटात जमा केलेली.

गटाला माझी विनंती आहे की आजारपणाच्या कर्जाला उशीर लावू नका, पण त्या बाईला दुसरं मत घ्यायला आठ-पंधरा दिवस मिळू द्या. या आजारात बहुतेक वेळा तेवढी सवड असते. अचानक असह्य कळ, चक्कर, ताप आला तर मात्र मीटिंगची वाट बघू नका, गाडी काढा. आणि पाळीच्या दुखण्याने गैरहजर राहिलेल्या बाईचा दहा रुपये दंड माफ करायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या गटाने ठरवावं. मी असते तर केला असता.

भाषणानंतर मैत्रिणींनी विचारलेले काही प्रश्न

रक्ताच्या तपासणीत सीए-125 वाढलंय, डॉक्टरांनी काही सांगितलं नाही. म्हणजे कॅन्सर का?

या आजारातही ते वाढतं, पाळीच्या दिवसांतही वाढतं. नुसत्या त्या आकड्यावरून कॅन्सर ठरत नाही. गूगलवर बघत बसू नका, सोनोग्राफीचा कागद घेऊन डॉक्टरांकडे परत जा आणि सरळ विचारा.

माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. तिला हा आजार निघालाय. पाहुण्यांना सांगायचं का?

मावशी, हा प्रश्न मी एकटीने उत्तर द्यावा असा नाही. मुलीला विचारा, तिचा आजार आहे. मी एवढंच सांगेन की फक्त पोर दिसायला हवं म्हणून घाईने लग्न करू नका. मूल झालं की आजार जातो, हेही खरं नाही. गरोदरपणात पाळी नसते म्हणून बऱ्याच जणींना बरं वाटतं, नंतर तो परत येऊ शकतो. तोपर्यंत मुलीचं दुखणं औषधांनी आटोक्यात ठेवता येतं, अंडाशयाचं ऑपरेशन गरज नसताना करू नये.

ऑपरेशननंतर कामाला कधी लागायचं?

दुर्बिणीचं असेल तर एक-दोन दिवसांत घरी, हलकं काम आठवड्या-दोन आठवड्यांत. पण आपलं हलकं म्हणजे काय ते डॉक्टरांना माहीत नसतं. हंडा, सरपण, वैरणीचा भारा, हे सगळं नावं घेऊन सांगा. त्याला महिना-दीड महिना लागतो. आतड्याचं काही काढलं असेल तर जास्त.

माझं सिझर झालंय. टाक्याजवळ एक गाठ आहे, पाळी आली की ती सुजते आणि ठणकते. बाकी महिनाभर काही नाही. सगळ्या म्हणतात टाक्याचा दोरा राहिलाय.

ताई, तुमचं ऐकून मी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. सिझरच्या टाक्यात हेच अस्तर अडकून बसू शकतं, आणि पाळीच्या तारखेलाच दुखणं ही त्याची खूण आहे. सोनोग्राफी करावी लागेल. ती गाठ पोटाच्या भिंतीत असते, ती काढल्याने अंडाशयाला धक्का लागत नाही. येत्या गुरुवारी मी तालुक्याला जाणारच आहे, सकाळच्या एसटीने सोबत या. पाळी कधी येते, किती दिवस दुखतं, हे तेवढं कॅलेंडरवर लिहून आणा.